मार्च-एप्रिलमध्ये वर्ग ढेपाळतो: दरवर्षीचा बिघाड, नेमका कुठे आणि दुरुस्त कसा करायचा

होळी झाली की नागपुरातल्या शाळांमध्ये एक ठरलेला प्रश्न कानावर यायला लागतो. "मॅडम, पोर्शन तं झाला नं, मंग आता काहून शिकवून राहिल्या?" विचारणारं पोट्टं उद्धट नसतं. त्याला खरोखरच कळत नसतं. त्याच आठवड्यात शेवटच्या बाकावर स्लॅम बुक फिरायला लागतं, दर दहा मिनिटांनी कुणालातरी पाणी प्यायला जायचं असतं, वह्या "घरी राहिल्या" असतात आणि हजेरीपटावरच्या रेघा वाढतात. स्टाफरूममध्ये आपण म्हणतो, "पोरांचं लक्षच नाही राहिलं आता."

मी सहावी-सातवीला गणित शिकवते. हे लिहिते आहे ते पाचवी ते नववीच्या शिक्षकांसाठी. दहावीचं गणित वेगळं असतं, बोर्ड त्यांना आपोआप जागं ठेवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोरांचा उत्साह संपला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वर्ष संपल्याची खूण आपणच त्यांना दिलेली असते, आणि त्यांनी ती बरोबर वाचलेली असते. काही वेळा कारण त्याहून साधं असतं: ऊन. म्हणून खेळ, चॉकलेट, मोटिव्हेशनल व्हिडिओ यांच्याकडे वळण्याआधी बिघाड कुठला ते पाहून घ्या.

आधी तपासा: वर्ग कितव्या तासाला ढेपाळतो?

दोन-तीन दिवस नुसती नोंद ठेवा. पहिल्या तासाला पोरं ठीक असतील आणि साडेनऊनंतर माना टाकत असतील, तर प्रश्न मनाचा नाही, छपराचा आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो हे सांगायला नको. सकाळची शाळा असली तरी वरच्या मजल्यावरच्या, पूर्वेला खिडक्या असलेल्या किंवा टिनाच्या वर्गात दहा वाजताच भट्टी पेटते. २०२५ साली राज्यभर सकाळच्या वेळेचं परिपत्रक निघालं, प्राथमिक ७ ते ११:१५ आणि माध्यमिक ७ ते ११:४५. त्यातले शेवटचे दोन तास कुठल्या वर्गात आणि कुठल्या विषयाचे हे मात्र शाळेच्याच हातात असतं, आणि बहुतेक शाळा जूनमध्ये केलेलं वेळापत्रक तसंच वर सरकवतात. मग कुणाच्या तरी नशिबी रोज शेवटचा तास गणिताचा येतो.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन मागावी लागते. डोक्याचं काम सात ते साडेआठ. हाताचं काम, म्हणजे चित्रकला, कार्यानुभव, नकाशे भरणं, गोष्ट ऐकणं, हे नंतर. खालच्या मजल्यावर एखादा हॉल किंवा ग्रंथालय मोकळं असेल तर शेवटचे दोन तास तिथे. व्हरांड्यात माठ. पाण्याला जायची परवानगी मागायची पद्धतच बंद करा, बाटली बाकावर ठेवू द्या. परवानगीचं नाटक संपलं की अर्धी ये-जा आपोआप थांबते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. चौदा एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत रात्री उशिरापर्यंत तयारी चाललेली असते. रामनवमीच्या शोभायात्रेआधी महाल-इतवारीकडेही तेच. त्यात लग्नसराई. सकाळी सातला येऊन पेंगणारी पोरगी आळशी नसते, ती रात्री बारापर्यंत जागी असते. त्या आठवड्यात नवीन धडा सुरू करायचा नाही, एवढं धोरण पुरेसं आहे.

वर्ग पहिल्या तासालाही थंड असेल तर: आपणच मांडव उतरवायला घेतलाय का ते पाहा

लग्नात मांडवाचे बांबू सोडायला घेतले की पाहुणे चपला शोधायला लागतात. वर्गातही तेच होतं. मार्चमध्ये आपण काय काय करतो ते मुलांच्या जागेवर बसून पाहा. वह्या शेवटच्या तपासणीसाठी गोळा करतो आणि परत देत नाही. तोंडी, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाचे गुण भरून मोकळे होतो, आणि "तुमचे वीस मार्क लागले" असं वर्गात सांगूनही टाकतो. भिंतीवरचे तक्ते काढतो. ज्या शाळांत जुनी पुस्तकं परत घेतात तिथे "पुस्तकं फाडू नका, जमा करायची आहेत" असं बजावतो. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीतच होऊन गेलेली असते. दहावीचं केंद्र शाळेत असेल तर मधले कित्येक दिवस वर्ग इकडून तिकडे हलवले जातात, निम्मे शिक्षक पर्यवेक्षणाला. आणि उरलेले आपण टेबलावर निकालपत्रक उघडून मान खाली घालून बसलेलो असतो.

एवढं सगळं पाहिल्यावर "आता काहून शिकवून राहिल्या" हा प्रश्न पडला नाही तरच नवल.

प्रत्यक्षात वर्ष संपलेलं नसतं. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. म्हणजे होळीपासून शेवटच्या पेपरपर्यंत महिन्याहून जास्त काळ. निकाल १ मेला. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस सांगितलेत, त्यातला बराच मोठा तुकडा आपण "आता काय उरलंय" म्हणत घालवतो.

म्हणून बांबू उशिरा सोडा. वह्या तपासा, पण दुसऱ्या दिवशी परत द्या. आकारिकचे गुण वर्गात जाहीर करू नका, आणि शक्य असेल तर एक छोटं काम मुद्दाम शेवटपर्यंत उघडं ठेवा. निकालाचं काम वर्गात अजिबात नको. मुलांकडून गुणांच्या बेरजा करून घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे ती तर मला मुळातच पटत नाही. एकाचे गुण दुसऱ्याला कळतात, आणि वर्षाचा हिशेब पूर्ण झाल्याची दवंडी पिटली जाते ती वेगळी. तक्ते काढायचेच असतील तर त्या जागी त्याच दिवशी दुसरं काहीतरी लावा, अर्धवट असलेलं.

अर्धवट असलेलं म्हणजे काय: उन्हाची नोंदवही

हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त चाललेलं हेच. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात सांख्यिकी अगदी शेवटी येते: सरासरी, वारंवारता सारणी. जोडस्तंभालेख त्याआधी होऊन गेलेला असतो. शेवटचा धडा म्हणून तो घाईत उरकला जातो, पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर सोडवली की झालं. पण आपल्या हातात तर रोजचा जिवंत आकडा आहे.

भिंतीवर टांगायचे साधे तापमापक दोन-तीन आणा. एक खिडकीजवळच्या बाकापाशी, एक वर्गाच्या मधोमध, एक व्हरांड्यात. थेट ऊन लागणार नाही, भिंतीला टेकणार नाही, पंख्याचा झोत सरळ येणार नाही, असे टांगा. वेळा ठरवा: सव्वासात, नऊ, अकरा. दर आठवड्याला जोड्या बदला. आकडा भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहायचा, पेन्सिलने नाही, पेनने.

दुसऱ्याच दिवशी भांडण होतं. "मॅडम, यानं बोट लावलं फुग्याले, म्हणून वाढलं!" हे भांडण मिटवायला जाऊ नका. वर्गालाच विचारा, आता यावर उपाय काय? माझ्या पोरांनी ठरवलं की जोडीतल्या दोघांनी एकमेकांना न सांगता वाचायचं, दोन्ही आकडे लिहायचे, आणि फरक एका अंशापेक्षा जास्त आला तर तिसऱ्याला बोलवायचं. मोजणीतली चूक, पुन्हा वाचन, सरासरी का घ्यायची, हे सगळं त्या बोट लावण्यातून निघालं. पुस्तकातला परिच्छेद वाचून हे निघत नाही.

आठवड्याने जोडस्तंभालेख काढायचा, वर्ग आणि व्हरांडा शेजारी शेजारी. मग प्रश्न: वर्गाचा कुठला कोपरा सगळ्यात तापतो? तिथे कोण बसतं? रोज तेच का बसतात? यातून बाक फिरवायचं वेळापत्रक निघतं, आणि ते पोरं स्वतः पाळतात, कारण आकडे त्यांचे असतात. मराठीच्या मॅडमना सोबत घ्या. मागणीपत्र हा लेखनप्रकार शिकवायचाच असतो, तर "शेवटचे दोन तास खालच्या हॉलमध्ये व्हावेत" असं पत्र मुख्याध्यापकांना, सोबत आलेख जोडून. सरांनी हो म्हटलं तर उत्तमच. नाही म्हटलं तरी लेखी उत्तर द्यायला सांगा, पोरं ते उत्तर घरी नेऊन दाखवतात.

चौकाचौकांत सिग्नलवर हिरवी जाळी लागायला लागली की तोही विषय आणा. जाळीखाली आणि जाळीबाहेर किती वेळ थांबावं लागतं, सिग्नल किती सेकंदांचा, सावली किती गाड्यांना पुरते. हे घरच्या मोठ्यांसोबत जाता-येता पाहायचं, दुपारी मुद्दाम उन्हात जाऊन नाही. ही सूचना दोनदा द्या, कारण कुणीतरी जातंच.

उजळणी म्हटलं की चेहरे पडत असतील तर

उजळणी म्हणजे "धडा काढा, पुन्हा वाचा" असेल तर चेहरे पडणारच. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग यावर आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा आठवड्यानेच असते.

म्हणून तास सुरू होताच पाच प्रश्न, वही बंद. दोन कालचे, दोन गेल्या महिन्यातले, एक पहिल्या सत्रातला. गुण नाहीत, नाव नाही, उत्तर फळ्यावर आलं की स्वतःच तपासायचं. सहा-सात मिनिटांत संपतं. पोरांना हे आवडतं यामागे मोठं रहस्य नाही: काहीतरी विसरलो होतो आणि ते परत आलं, याची मजा त्यांना लगेच मिळते. मात्र रोज पाचपेक्षा जास्त विचारू नका, आणि एखाद्या दिवशी मोह झाला तरी गुणही मोजू नका. मोजले की ती चाचणी होते, आणि चाचणी म्हटलं की मागचा बाक गायब.

यातून कुठे अडलंय तेही दिसतं. दरवर्षी मार्चमध्ये निम्मा वर्ग (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं लिहितो. ऑगस्टमध्ये बैजिक राशींचा गुणाकार केलेला असतो, फेब्रुवारीत वर्गविस्ताराचं सूत्र पाठ केलेलं असतं, तरी. तिथे सूत्र पुन्हा घोकून घेण्यात अर्थ नाही. रद्दी कागदाचा चौरस द्या, दोन्ही बाजूंनी एकाच अंतरावर घडी घालायला सांगा, उघडा. दोन चौरस दिसतात, आणि दोन आयत. "हे दोन आयत कुठं गेले तुझ्या उत्तरात?" एवढाच प्रश्न. कुणीतरी "अय्यो" म्हणतं आणि २अब कायमचं बसतं. निदान जूनपर्यंत तरी.

चॉकलेट आणि स्टार

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं, ज्यांना असं काही कबूल केलं नव्हतं त्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही. तेव्हा चॉकलेट द्यायचं तर द्या, पण "हे केलं तर देईन" असं आधी बोलू नका. एप्रिलमध्ये तर ते पिशवीतच वितळतं. बर्फाचे खडे घातलेलं पन्हं कधीतरी न सांगता आणा, ते जास्त लक्षात राहतं.

स्लॅम बुक जप्त करू नका. शनिवारची वीस मिनिटं त्याला द्या, बाकी दिवस दप्तरात. आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी उपक्रमांसाठी राखलेला वेळ, वेळापत्रकात आहेच, त्यात बसवता येतं.

"ढकलपास तर होणारच" म्हणणारं पोरगं

हे सगळ्यात अवघड, आणि यावर माझ्याकडे जादू नाही. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास जूनमध्ये पुनर्परीक्षा अशी व्यवस्था आली. त्यामुळे त्या दोन वर्गांत चित्र उलटं असतं, तिथे भीती जास्त. या मुलांना पुनर्परीक्षेची धमकी रोज देऊ नका. एकदा पालकांसमोर, शांतपणे, तारखेसकट सांगा आणि विषय बंद करा.

सहावी-सातवीत मात्र ढकलपासचा हिशेब पोरांना पाठ असतो. अशा मुलासमोर अख्ख्या वर्षाचा डोंगर ठेवला की तो खिडकीबाहेर बघतो. त्याच्याशी स्वतंत्र बसा, पाच मिनिटं, आणि त्यालाच निवडू द्या: या महिन्यात एकच गोष्ट. सतरा ते एकोणीसचे पाढे असतील, दशांश अपूर्णांकांचा भागाकार असेल, सरळव्याज असेल. निवड त्याची. तुम्ही फक्त मध्ये मध्ये विचारायचं, "कुठवर आलं?" एकाने माझ्याकडे बँकेचं पासबुक वाचायला शिकायचं निवडलं, कारण घरी आईचं पासबुक त्यालाच भरून आणावं लागायचं. परीक्षेत त्याला त्याचे किती गुण मिळाले ते सोडा, पण तो रोज येत होता.

पेपर संपले, निकाल अजून व्हायचा: हजेरी

शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून वर्ग ओस. रागावून उपयोग नाही, घरचेही "आता काय असते शाळेत?" म्हणतात. येणाऱ्या मुलांसाठी तरी शाळेत काहीतरी खरंच असायला हवं.

मी एक वही ठेवते, "पुढच्या सातवीसाठी". प्रत्येकाने एक पान लिहायचं: या वर्षी कुठं अडलं, कसं सुटलं. भाषा त्यांची. एका पानावर होतं, "परिमेय संख्येत दोन वजा दिसले तं घाबरू नको. आधी चिन्ह सोडव, मंग संख्या. मी उलटं करत होतो." दुसऱ्यावर फक्त एवढंच, "वर्तुळाच्या धड्यात कंपास नवीन घे. जुन्याचा स्क्रू ढिला असते." ही वही पेपर संपल्यानंतरच्या एका ठरलेल्या दिवशी सहावीच्या मुलांना वर्गात बोलावून द्यायची, जोडीने बसवून. ज्याचं पान आहे त्यानेच समजवायचं. तारीख मार्चमध्येच सांगून ठेवली की त्या दिवशी वर्ग भरतो, आणि सहावीची पोरं जूनच्या शेवटी आपल्याकडे शाळा उघडते तेव्हा पानं उघडून बसलेली दिसतात.

बाकीच्या दिवसांत ग्रंथालय मोकळं सोडा. पुस्तकं उन्हाळ्यासाठी घरी न्यायला द्या. एखाद-दुसरं परत येणार नाही, त्याची तयारी ठेवा. पहिलीसाठी शाळापूर्व तयारी मेळावा असेल तर सातवीच्या मुलांना तिथे कामाला घ्या. लहानग्यांना रांगेत उभं करताना त्यांच्यात जो जोर येतो तो गणिताच्या तासाला कधी दिसत नाही.

आणि हे वाचेपर्यंत चार-पाच दिवसच उरले असतील तर

वरचं सगळं सोडा. उद्या सकाळी मुख्याध्यापकांना भेटून गणिताचा तास पहिला करून घ्या, गोळा केलेल्या वह्या परत द्या, आणि तास सुरू होताच पाच प्रश्न विचारा. तापमापक आणि वही पुढच्या वर्षीसाठी, होळीच्या आधीच कपाटात आणून ठेवा.